दोन राज्यांमधले दहा हात गवत

मी एक जुना हद्दीचा दगड आहे, मित्रांनो. अजिंठ्याच्या डोंगरांची जी धार बुलढाण्याकडचा वऱ्हाड निजामाच्या मोगलाईपासून वेगळा करते, तिच्या माथ्यावर मी उभा आहे. दगडाला भीती वाटत नाही, असे तुम्हाला कोणी सांगितले असेल. खरे एवढेच की दगडाला पळता येत नाही.

माझा जन्म अग्नीतला. कधीकाळी मी वितळून वाहत होतो. मग थिजलो, काळा झालो, आणि युगानुयुगे ती धग विसरण्याचा प्रयत्न करीत राहिलो. पाथरवटांनी मला खाणीतून सोडवले, छिन्नीने चौकोनी केले आणि बैलगाडीने इथवर आणून गाडले. माझ्या पूर्वेच्या अंगावर वऱ्हाडच्या इंग्रजी कारभाराचा आकडा कोरला, पश्चिमेच्या अंगावर मोगलाईचा. मोजणीदार माझ्या माथ्यावर हात ठेवून म्हणाला होता, "हा हलला तर दोन सरकारे हलतील." किती दिवस मी त्या कौतुकात ताठ उभा होतो!

पूर्वेला राखीव जंगल होते. साग, सालई, धावडा, आणि खाली खोऱ्यात बांबू. पश्चिमेलाही तेच जंगल होते. रोही, म्हणजे नीलगाई, माझ्या अंगाला पाठ घासून इकडून तिकडे जात. त्यांना आकडे वाचता येत नसत.

वणवा अडवण्यासाठी दरवर्षी कार्तिकात दोन्ही बाजूंचे लोक गवत कापून एक मोकळा पट्टा करीत. त्याला जाळपट्टा म्हणत. परंतु एका वर्षी पलीकडच्या कोणाचा तरी विळा हद्दीच्या अलीकडे आला. भांडण झाले, जबान्या झाल्या, आणि दोन्ही कचेऱ्यांतून एकच हुकूम निघाला: हद्दीच्या दगडांपासून पाच हात सोडून कापावे. झाले! अलीकडचे पाच आणि पलीकडचे पाच, असे दहा हात रुंदीचे गवत साऱ्या धारेवर कोणाचेच राहिले नाही. त्याच्या मधोमध मी होतो. वर्षामागून वर्षे कुसळीचे गवत माझ्या छातीपर्यंत चढत गेले. फाल्गुनात ते वाळून सळसळू लागले की मला माझे जुने वितळणे आठवे.

ही भीती आणखी दोघांना होती. वऱ्हाडचा जंगल-शिपाई तुळशीराम आणि मोगलाईचा चौकीदार शेषराव. दोघे आपापल्या पट्ट्यावर उभे राहून गप्पा मारीत.

"शेषराव, हे गवत पाहून मले झोप येत नाही," तुळशीराम म्हणे.

"मग काप की. मी दुसरीकडं बघतो."

"अन् माही नोकरी? तूच काप, मी मान वळवतो."

"लई शहाणा हायेस. माझी नोकरी काय वाटेवर पडलीया?"

ते हसत. मी हसत नसे.

तुळशीरामने आपल्या साहेबाकडून अर्ज लिहवून घेतला. तो अर्ज इकडच्या कचेऱ्यांच्या पायऱ्या चढला, माथ्यावरून पलीकडे गेला आणि तिकडच्या पायऱ्या उतरू लागला. जिथून अर्ज निघाला तिथून शेषरावची चौकी अवघ्या तीन कोसांवर होती. दोन उन्हाळे गेले, अर्ज तिथे पोचला नाही.

तिसऱ्या उन्हाळ्यात वाटसरूंनी खिंडीत, त्याच गवताच्या आडोशाला, चूल मांडली. कोणाच्याच नसलेल्या गवतातून त्यांना कोण हटकणार?

आधी मला वास आला. मग पाखरे माझ्यावरून गेली, एकही न ओरडता. दोन स्वच्छ पट्ट्यांच्या मधून, जणू तिच्यासाठीच आखलेल्या वाटेने, आग धारेवरून सरळ माझ्याकडे येत होती. माझ्या पुढे ते गवत बांबूच्या खोऱ्यात उतरत होते. त्या खोऱ्यातून वर येण्याची वाट एकच, माझ्या शेजारून.

तुळशीराम धापा टाकीत आला. "सुभद्रा खाली हाय," तो म्हणाला. सुभद्राबाई त्याची बायको. परवाना घेऊन सहा बायांसह ती सकाळपासून खोऱ्यात गवत कापीत होती.

माझ्या खोऱ्याकडच्या अंगाला तो आपल्या बाजूचे पाच हात कापू लागला. शेषराव पलीकडे येऊन थांबला. विळा त्याच्या हातात होता.

"काऊन उभा हायेस बे?"

"हुकूम नाही, तुळशीराम."

"मंग तिकडचंबी मीच कापतो."

"तू इकडं पाय टाकलास तर मला तुला धरावं लागंल."

तुळशीराम कापत राहिला. त्याने वरही पाहिले नाही. आग इतकी जवळ आली की तिचे बोलणे ऐकू येऊ लागले. मित्रांनो, त्या क्षणी मला सगळ्यांत जास्त भीती आगीची वाटली नाही. तो विळा हातात धरलेला चांगला माणूस असाच उभा राहील, याची वाटली.

शेषरावने कमरेचा सरकारी पट्टा सोडला, मोकळ्या जमिनीवर ठेवला आणि तो गवतात शिरला.

दोघांनी मिळून वीस पावले मोकळी केली. एवढ्याने वणवा थांबणार नव्हता. त्याच्या समोरून आग लावणे भाग होते. लावायची ती मी उभा होतो त्याच गवताला. तुळशीरामने माझ्याकडे पाहिले. मग त्याने काडी ओढली.

दोन आगी माझ्यापाशी भेटल्या. मी तडकलो. तो आवाज खोऱ्यापर्यंत गेला, असे म्हणतात.

धुरातून सातही जणी वर आल्या. सुभद्राबाईने मला पाहिले. "अवो, दोन सरकारचा दगड फोडला काय तुम्ही? आता भरा."

"वहिनी, आमच्या अंगानं फुटला," शेषराव म्हणाला. "तुमच्याकडं नुसती चीर हाय."

पुढच्याच महिन्यात दोन्हीकडचे साहेब एकाच दिवशी माझ्यापाशी आले. असे पहिल्यांदाच घडले, आणि घडले ते माझ्या भेगेसाठी. भेग कोणाच्या बाजूने सुरू झाली, यावर दोन दिवस खल झाला. दगड आपल्या अंगाने फुटला म्हणणाऱ्या शेषरावची नोकरी गेली. साक्षीला बोलावलेली सुभद्राबाई शेवटी म्हणाली, "साहेब, दगडाचं तुमचं तुम्ही पाहा. गवत कोन कापीन ते सांगा."

दोन्ही साहेबांनी कारकुनांना जवळ बोलावले. मग दोन्हीकडच्या कारकुनांनी एकाच कागदावर लिहिले: दर कार्तिकात दोन्ही बाजूंच्या लोकांनी मिळून दगडापर्यंत कापावे.

सोळा वर्षे ते कापत आले. त्या सोळा उन्हाळ्यांत मी निर्धास्त होतो.

यंदा वऱ्हाडचे लोक आले आणि आपले पाच हात कापून गेले. पलीकडचा साहेब बदलला आहे. नव्याला तो कागद सापडत नाही म्हणतात. मित्रांनो, उद्या तुमच्यातले कोणी अशा कचेरीत बसाल. रानाचा कागद हाती आला तर तो खाली ठेवू नका. आणि सापडलाच नाही, तर पलीकडच्या माणसाला हाक मारा. तोही तुमच्याच हाकेची वाट पाहत असेल.

फाल्गुन लागला आहे. वारा पश्चिमेचा आहे, आणि पाच हात गवत अजून उभे आहे.