आडवी ठेवलेली बाटली

निघताना कोसिमोने भेट दिलेली वाइनची बाटली स्वयंपाकघरातल्या कपाटात आडवी ठेवली, आणि त्याची पाठ वळताच नंदकिशोरने ती उभी केली. नंदकिशोर तळोज्याच्या एका रंगांच्या कारखान्यात केमिस्ट होता. बूच लावलेली बाटली आडवी दिसली की प्रयोगशाळेत तो कोणावरही रागवायचा.

"त्यांनी मुद्दाम तशी ठेवली असेल हो," त्याची बायको स्मिता म्हणाली.

"घाईत ठेवली असेल. आडवी बाटली गळते."

ही गोष्ट एक्याऐंशीची. कोसिमो इटलीहून रंग वाळवण्याचं यंत्र बसवायला आला होता आणि पावसाळाभर रविवारी वाशीला त्यांच्याकडे जेवायला यायचा. बुटाच्या आकाराच्या इटलीच्या पार टाचेकडे त्यांचा द्राक्षांचा मळा होता. वडील द्राक्षं वेलीवरच सुरकुतायला लागेपर्यंत थांबायचे, मग घरातलीच माणसं मिळून वाइन करायची. बाटल्यांना बुचं मात्र वडीलच बसवायचे. ही बाटली त्यातलीच.

"तुमच्या त्या जांभळांसारखा वास येईल," कोसिमो म्हणाला होता. "चांगला दिवस बघून उघड. कशी लागली ते कळव, बाबा विचारतील."

चांगले दिवस आले. मुलगी झाली, स्वतःचा फ्लॅट झाला, बढती मिळाली. पण बारशाला सासूबाई मुक्कामाला, फ्लॅटची वास्तुशांत, बढतीचा सत्यनारायण. आनंदाच्या दिवशी घरात पूजा ठरलेली, आणि पूजेच्या दिवशी बाटली कोण उघडणार? नव्या घरातही रव्याच्या डब्यामागे, गॅसच्या धगीत, ती उभीच राहिली. जुनी होईल तेवढी भारी, असं नंदकिशोर स्मिताला सांगायचा.

श्याऐंशीत कोसिमो यंत्राच्या दुरुस्तीला पुन्हा आला. केस पिकले होते. मटणाच्या ताटावर बसल्यावर त्याने सांगितलं, वडील गेले, मळा विकला. घरातल्या बाटल्याही संपल्या.

नंदकिशोर उठला आणि बाटली घेऊन आला. कोसिमोने ती हातात घेतली. मग खिशातल्या चाकूचा स्क्रू त्याने बुचात फिरवला. बुचाचा भुगा झाला.

ग्लास ओठाला लागायच्या आधीच नंदकिशोरला वास कळला. उभ्या बाटलीत वाइन न लागल्याने सुकून आकसलेलं बूच, आत शिरलेली हवा, मद्याचं झालेलं ॲसेटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगर. कॉलेजात शिकलेली साधी क्रिया. पेल्यातला रंगही चिंचेच्या कोळासारखा झाला होता.

कोसिमोने घोट घेतला, तोंडात धरला, गिळला.

"आडवीच ठेवली होतीस ना?"

"हो," नंदकिशोर म्हणाला. "तू ठेवलीस तशीच."

स्मिता पोळी वाढता वाढता थांबली.

"मग बूच बाबांनीच नीट बसवलं नसणार," कोसिमो म्हणाला. "शेवटी हात थरथरायचे त्यांचे. बहीण म्हणायची, बुचांचं काम त्यांच्याकडून काढून घेऊ. मी तिच्याशी भांडायचो. म्हणायचो, बाबांच्या हाताला काही झालेलं नाही." तो थोडं हसला आणि त्याने ग्लास संपवला.

तो गेल्यावर स्मिता ताटं उचलत होती.

"खरं सांगायला काय झालं होतं?"

"वाईट वाटलं असतं त्याला."

"तुमच्याबद्दल वाटलं असतं. आता वडिलांबद्दल वाटतंय."

सकाळी कंपनीच्या बसमध्ये नंदकिशोरने वाक्य जुळवलं. बाटली मीच उभी ठेवली होती, बूच चांगलं होतं. एवढंच. कारखान्यात कोसिमो यंत्रापाशी वाकून बसला होता. नंदकिशोर जवळ गेला तसा तोच बोलला.

"हॉटेलातून बहिणीला फोन लागला. म्हटलं, तूच बरोबर होतीस, बाबांचे हात गेले होते. रडली ती. म्हणाली, इतक्या वर्षांनी मान्य केलंस." त्याने फडक्याला हात पुसला. "बरं झालं. आमचं बोलणंच तुटलं होतं. तापमान किती आहे रे?"

नंदकिशोरने काच पुसली, पारा नीट बघितला आणि आकडा सांगितला.