भिंगरीच्या वहीतले तारे

"दोनदाच?" मी वही डोळ्यांजवळ नेली. "आणि पोट?"

"अजिबात दुखलं नाही, सिस्टर." भिंगरीने लगेच बोट पुढे केलं. "तारा?"

भिंगरी नऊ वर्षांची. हे नाव मीच ठेवलं, कारण ही मुलगी एका जागी बसेल तर शपथ. तिच्या आतड्याला सारखी सूज येते. जुनी औषधं लागू पडेनात, म्हणून ती आमच्याकडे नव्या औषधाच्या अभ्यासात आली. अशी चाळीस मुलं आहेत. दिवसातून किती वेळा शी झाली, रक्त पडलं का, पोट किती दुखलं, हे त्यांनी रोज वहीत लिहायचं आणि मी तपासायचं. आधी वह्या कोऱ्या यायच्या. मग मी डोकं लढवलं. तीनपेक्षा कमी वेळा गेलं, की त्या दिवसाला सोनेरी तारा! वह्या अशा भरभरून यायला लागल्या, की मी वॉर्डभर मिरवत होते. बावीस वर्षांची नोकरी, उगाच नाही!

त्याच दुपारी भिंगरीच्या तपासणीचा रिपोर्ट आला. सूज तसूभरही कमी नव्हती, उलट वाढलेली. मी तिच्या आईला बाजूला घेतलं.

"अहो, दोनदा कुठली?" आई म्हणाली. "सकाळी हिचे बाबा तोंडाला दाढीचा फेस लावून संडासाच्या दाराबाहेर नाचत असतात! वहीत काय लिहिते ते मला दाखवत नाही. म्हणते, ती माझी आणि सिस्टरची आहे."

भिंगरीसमोर जाऊन बसले.

"भिंगरे, खरं सांग. किती वेळा?"

ती बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत राहिली. "आठ. कधी नऊ."

"मग दोन का लिहिलंस गं?"

"आठ लिहिलं की तुमचं तोंड एवढंसं व्हायचं." तिने चिमटीत दाखवलं. "आणि औषध नापास झालं असतं ना. मग बाकीच्यांना कोण देणार?"

सहा आठवडे ही पोर कळा सोसत होती आणि मी वर तारे चिकटवत होते. असा राग आला स्वतःचा!

तशीच मोठ्या डॉक्टर मॅडमकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. "म्हणजे जितक्या वह्यांत तारे, तितक्या वह्या संशयात."

"हो मॅडम. चूक माझी आहे. लेखी देते."

"द्याच. बावीस वर्षांत तुमच्याविरुद्ध पहिली तक्रार, आणि तीही तुम्हीच आणलीत." मग त्यांना हसू आवरलं नाही, आणि मला रडू.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी भिंगरीचं हे औषध थांबवून दुसरं सुरू केलं. "मग ते नापास?" तिने विचारलं. "तुझ्यापुरतं," मॅडम म्हणाल्या. "पण तू खरं सांगितलंस, म्हणून बाकीच्यांचं आम्हाला नीट कळेल." भिंगरीला ते पटलं. तिने लगेच वही मागून घेतली, आणि चुका कशा सुधारायच्या ते मी तिला शिकवलं. खोडरबर चालत नाही. जुन्या आकड्यावर एकच रेघ, शेजारी खरा आकडा, आजची तारीख आणि सही.

आठवड्याने वही परत आली. नवं औषध तिला मानवत होतं, रंग परतला होता, आणि ती खुर्चीसकट गोल फिरत होती. मी पानं उलटली. प्रत्येक दोनवर सरळ रेघ आणि शेजारी आठ, नऊ, सात. काही ठिकाणी 'आठवत नाही' असं लिहिलेलं. खाली तिची वेडीवाकडी सही. सगळे तारे काढून शेवटच्या पानावर ओळीने लावले होते.

"हे तुमचे," ती म्हणाली.

भिंतीवर माझ्याच अक्षरातला कागद अजून होता: तीनपेक्षा कमी, तर तारा. तो उतरवून मी टेबलावर ठेवला आणि पेनाचं टोपण काढलं.

"थांबा, सिस्टर." भिंगरीने दप्तरातून पट्टी काढून माझ्याकडे सरकवली. "रेघ सरळ पाहिजे. आणि सही विसरू नका."