पांढऱ्या तोंडाचा पैसा

मी एक जुना तांब्याचा पैसा आहे, आणि मी खोटा नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण माझं तोंड पाहिलं की लोकांच्या मनात पहिल्यांदा तेच येतं. माझी एक बाजू तांब्याला शोभेल अशी, काळपट लाल. दुसरी मात्र पांढरी, त्यात मध्येच पिवळे डाग आणि कडेला निळसर झाक. हसायचं असेल तर हसून घ्या मित्रांनो, मला सवय आहे.

टांकसाळीतून निघालो तेव्हा मी लालबुंद होतो. पुष्कळ बाजार हिंडलो आणि शेवटी एका कल्हईवाल्याच्या हाती लागलो. तांब्यापितळेच्या भांड्यांना आतून कथलाचा पांढरा थर द्यायचा, हा त्याचा धंदा. त्याने मला खर्च केलं नाही, कामाला लावलं. रोज पहिलं भांडं घेण्याआधी तो मला चिमट्यात धरून निखाऱ्यावर तापवायचा. नवसागर भुरभुरायचा, कथील टेकवायचा, कापसाचा बोळा फिरवायचा. नवसागराच्या धुराने मलासुद्धा शिंका येतील की काय असं वाटे. थर पांढरा बसला की भट्टी बरोबर. पिवळा पडला की आच जास्त, मग भाता थांबवायचा.

"जळायचं ते घरचं जळू दे," असं तो दर वेळी पुटपुटायचा. बायकोला वाटायचं, टोमणा तिच्या स्वयंपाकाला आहे. "एवढं जळकं लागतं, तर स्वतः रांधा की!" म्हणून ती आतून कडाडायची. तो गालातल्या गालात हसायचा, पण कधी उलगडून सांगितलं नाही. इथेच घोळ झाला.

पुढे तो गेला, तीही गेली. भाता, चिमटा आणि मी एका पेटीत पडून राहिलो. कुणी झाकणसुद्धा उघडलं नाही. राग येणार नाही तर काय!

एक दिवस त्यांच्या मुलाने भंगारवाल्याला बोलावलं. त्याने पेटी उपडी केली, मला उचललं आणि डोळा मिचकावला. "काय साहेब, वडील घरीच टांकसाळ चालवत होते वाटतं! तांब्याला पांढरं करून चांदीचं म्हणून खपवायचं, जुनी युक्ती आहे."

मुलाचा चेहरा पडला. "उद्या या," म्हणून त्याने त्याला कसंबसं वाटेला लावलं आणि थेट काचपेपर आणला.

"दादा, काय करतोयस?" बहिणीने विचारलं. ती शिवणकाम करायची, गळ्यात टेप तसाच होता.

"हे पांढरं खरवडून टाकतो. लोक बाबांना खोटी नाणी पाडणारा म्हणतील. गल्लीत तोंड दाखवायची सोय राहणार नाही."

"आणि तुलाही तसंच वाटतं?"

काचपेपर माझ्या कडेवर करकरला. अरे, मी ओरडू शकलो असतो तर अख्खी गल्ली गोळा केली असती!

बहिणीने मला त्याच्या हातातून हिसकावलं आणि खिडकीशी नेलं. "खोटं नाणं करणारा एकच बाजू पांढरी करेल का रे? आणि हे डाग ठेवेल?" ती मला उलटसुलट करत राहिली. मग मशीनपाशी पडलेल्या कापडाच्या तुकड्याकडे तिची नजर गेली. आडव्यातिडव्या टाक्यांनी तो भरलेला होता. "दादा, गिऱ्हाइकाच्या कापडाला सुई लावण्याआधी मी टाका चिंधीवर बघते. ही बाबांची चिंधी आहे! जळायचं ते घरचं जळू दे... अगं आई गं, आणि आई बिचारी भाजीवरून भांडत बसली!"

"कशावरून?" तो अडून बसला.

"पेटव शेगडी."

पेटीत कथलाचा तुकडा होता, नवसागराची पुडीही होती. तिने मला निखाऱ्यावर धरलं. हात नवखा, आच जास्त झाली. पांढऱ्या थरावर एक पिवळा डाग उमटला, जुन्या डागांच्या शेजारी, अगदी त्यांच्यासारखाच. भाऊ बघतच राहिला. मग त्याने काचपेपर निखाऱ्यात टाकला आणि डोळे पुसले. "धूर फार झाला," म्हणाला. धूर केव्हाच विरला होता.

दुसऱ्या दिवशी भंगारवाला दारात आला. "तो खोटा पैसा देताय ना?"

"खोटा?" भाऊ असा कडाडला की अगदी त्याच्या आईचा आवाज वाटला. "त्याच्यावरचा एकेक डाग कुणाच्या तरी भांड्यावर पडायचा होता. बाबांनी पडू दिला नाही. निघा!"

आता मी शिलाई मशीनच्या खणात असतो, चिंध्यांच्या सोबतीला. मित्रांनो, जुन्या वस्तू घासूनपुसून लख्ख ठेवाव्यात असं तुम्हाला शिकवलं असेल. ठेवा. पण घासण्याआधी डाग कसला ते विचारा. आणि मला घासायला कुणी आलाच, तर त्याने आधी एवढं सांगावं: बाबा रे, तुझ्या चुका तू कुणाच्या भांड्यावर केल्यास?