खालची हवा

मित्रांनो, माझ्या तिसऱ्या सिलिंडरच्या तळाचे भोक गाळाने बुजले आहे आणि त्यात आता पाणी साचते. हिवाळ्यात त्याचा बर्फ होतो, वसंतात तो वितळतो आणि चिमण्या त्यात चोच बुडवून जातात. जिथे एके काळी आग राहत होती तिथे पाणी राहू लागले, की आपण जुने झालो असे समजावे. मी एक जुने इंजिन आहे. उंच डोंगरांतल्या अलाय खोऱ्यात, सारी-ताशच्या पलीकडच्या गावात, माझा मालक जाकिप याच्या अंगणात, गोवऱ्यांच्या ढिगाला टेकून मी पडलो आहे.

माझा जन्म फार दूर, व्होल्गाकाठी झाला. तिथला मुलूख सपाट आणि हवा जड. पावाच्या लादीसारखी दिसणारी एक गाडी होती. तिच्या पुढच्या दोन आसनांच्या मधोमध, पत्र्याच्या एका झाकणाखाली मला बसवले. त्यामुळे गाडीतले प्रत्येक बोलणे मी ऐकले आहे, आणि गाडीतल्यांनीही मला ऐकले आहे. निदान ऐकायला हवे होते. कारखान्यातून निघताना माझ्यात पंचाहत्तर घोड्यांचे बळ मोजले गेले.

मग मी डोंगरात आलो. इंजिनही श्वासावर जगते. हवा आत ओढायची, तिच्यात पेट्रोलचा फवारा मिसळायचा, ते मिश्रण दाबायचे, वर ठिणगी टाकायची. त्या स्फोटाने पिस्टन खाली ढकलला जातो आणि चाके फिरतात. पण आमच्या गावात ढग दाराशी येतात आणि हवा मात्र विरळ असते. माझ्या छातीत दर श्वासाला थोडी पोकळी उरे. पंचाहत्तरांतले वीस-बावीस घोडे ताल्दिकच्या घाटात कुठे गळून पडले, ते मलाही कळले नाही. पेट्रोल मात्र पूर्वीइतकेच येई आणि न जळता काळ्या धुरातून निघून जाई. मी दुबळाही झालो होतो आणि उधळ्याही.

जाकिप मेंढ्यांची लोकर, पिठाची पोती, लग्नाची वऱ्हाडे, सगळे माझ्यावर लादायचा. एका शरद ऋतूत त्याने मला इसापुढे नेऊन उभे केले. इसाला सारे गाव 'उस्ता' म्हणे, म्हणजे कारागीर.

"ही गाडी नाही रे, म्हातारा बोकड आहे," इसा म्हणाला. "तू येतोयस हे मला खोकल्यावरून कळतं."

"मग बोकडाचा घोडा कर. उस्ता म्हणवून घेतोस ना? की नुसताच चहा ढोसायला?"

इसाने माझे हेड उतरवले आणि ते खालून तासले. वरचे झाकण बुटके झाले, तशी मिश्रण दाबायची जागा आणखी चिंचोळी झाली. जितके घट्ट दाबावे तितका त्याच थेंबातून अधिक जोर निघतो आणि धुराड्यातून वाया जाणारी ऊब कमी होते. मग त्याने कार्बुरेटरची जेटे, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या तोट्या, बदलून बारीक छिद्रांची घातली, म्हणजे विरळ हवेला शोभेल एवढेच पेट्रोल यावे. शेवटी ठिणगीचे टायमिंग थोडे पुढे घेतले, म्हणजे ती जरा आधीच पडावी.

"आता घाट चढशील आणि ॲव्हरेजही मिळेल," तो हात पुसत म्हणाला. "पण हे सगळं वरच्या हवेचं शहाणपण आहे. कधी घाट उतरून गुल्चो गावाच्या खाली गेलास, तर आधी टायमिंग मागे घे आणि ही जुनी जेटं घाल. हा पाना, ही डबी. गाडीतच ठेव."

"गुल्चोच्या खाली फक्त बटाटे विकायला जातात. माझं काय काम तिकडे?"

ती डबी आणि तो पाना माझ्याच शेजारी, जाकिपच्या पायाशी पडून राहिला.

पुढची वर्षे माझ्या कौतुकाची होती. मी ताल्दिक न थांबता चढे. जाकिपची बायको बुरमा माझ्या झाकणावर भाकरी ठेवून ती गरम करी आणि म्हणे, "घरच्या चुलीपेक्षा हा बरा, धूर तरी करत नाही." तेव्हा मला वाटे, आपण एक पूर्ण वस्तू आहोत.

त्या घरात साल्किन सून होऊन आली. ती ओशची, खालच्या उष्ण शहराची. तिचा बाप ट्रक चालवी. इंजिनांच्या आवाजातच ती वाढली होती. लग्नानंतर तिचा नवरा मॉस्कोला बांधकामावर गेला आणि ती सासू-सासऱ्यांजवळ राहिली. आमच्याकडे सून सासऱ्याचे नाव घेत नाही, त्याच्याकडे थेट बोलत नाही. काही सांगायचे असेल तर सासूला सांगते. सासू ते पुढे पोचवते. बुरमा हे काम आनंदाने करी आणि वाटेत स्वतःचे थोडे मीठही घाली.

आषाढात जशी तुमच्याकडे काळोखी दाटते, तसे त्या उन्हाळ्यात आमच्या घरावर मळभ आले; बुरमाचे पोट दुखू लागले. तिने ते दडवले. शेवटी गावातल्या नर्सने पोटाला हात लावला आणि म्हणाली, "आजच्या आज ओश. आतडं फुटायच्या आत कापायला हवं." जाकिपने मागच्या बाकावर गाद्या टाकल्या, साल्किनने सासूचे डोके मांडीवर घेतले, आणि आम्ही निघालो.

ताल्दिक मी पूर्वीसारखाच चढलो. मग उतार सुरू झाला. दर वळणाला हवा जड होत गेली. मला माझे बालपण आठवले. किती वर्षांनी छाती पूर्ण भरत होती! पण ज्या छातीत ती भरत होती, ती आता तासलेली, चिंचोळी होती. हवा भरपूर, पेट्रोल बारीक छिद्रातून मोजके, ठिणगी घाईची, आणि बाहेर आग ओकणारे ऊन. गुल्चो मागे पडले आणि चिरचिक घाटाचा चढ लागला. जाकिपने पाय पूर्ण दाबला. तेव्हा माझ्यात ते सुरू झाले. ठिणगीची ज्योत पोचण्याआधीच कोपऱ्यातले मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपोआप पेटू लागले, आणि प्रत्येक वेळी पिस्टनच्या माथ्यावर हातोडीचा घाव बसू लागला. टिक, टिक, टिक. कुणी पत्र्यावर खडे फेकावेत तसे.

मित्रांनो, मला दुसरी भाषा नाही. मी त्याच भाषेत ओरडत होतो.

"आपा," साल्किन सासूला हळूच म्हणाली, "हा आवाज बरा नाही. बाबांच्या ट्रकला असा आला की ते आधी थांबायचे."

बुरमाने डोळे न उघडताच निरोप पोचवला. "अहो, सून म्हणते, आवाज बरा नाही."

"सुनेला म्हणावं, इंजिनाला कंठ फुटलाय. इसाने उगाच नाही तासलंय."

"थांबा म्हणते ती. टायमिंग का काय, ते मागे घ्या म्हणते."

"मी थांबलो, तर तुझं पोट थांबणार आहे का?"

"नाही थांबणार," बुरमा म्हणाली. "तुमच्यासारखंच आहे ते. हट्टी."

जाकिप हसला. ते त्यांचे शेवटचे बोलणे.

नंतर बुरमाची शुद्ध हरपली. आणि मित्रांनो, त्या गाडीत सुनेचे शब्द सासऱ्याकडे नेणारे कोणीच उरले नाही. माझे ठोके वाढत गेले, इतके दाट की मधली फट ऐकू येईना. साल्किनचा हात पुढे येऊन माझ्या झाकणावर टेकला. तिने एकदा तोंड उघडले. मग जाकिपच्या मानेकडे, त्या घामेजलेल्या, घाबरलेल्या मानेकडे पाहिले आणि मिटले. पाना त्याच्या पायाशी, जेटांच्या डबीवर खडखडत होता.

माथा नजरेत आला असताना माझा तिसरा पिस्टन वितळला आणि त्याला भोक पडले. निळसर धूर निघाला आणि मी थांबलो.

त्यानंतरची शांतता मी अजून ऐकतो. जाकिप रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभा राहिला. खूप वेळाने कोळशाचा एक ट्रक थांबला; बुरमाला त्याच्या केबिनमध्ये चढवले. ऊन माझ्या पत्र्यावर तापत राहिले. दुसऱ्या दिवशी तोच ट्रक परत आला. जाकिपने चादरीत गुंडाळलेल्या बुरमाला माझ्या मागच्या बाकावर निजवले आणि ट्रकला दोर बांधला. ताल्दिकचा घाट मी आयुष्यात प्रथमच पेट्रोलचा एक थेंबही न जाळता चढलो.

अंगणात रीतीप्रमाणे तिच्या देहासाठी लोकरीच्या नमद्याचा तंबू उभारला गेला. दुरून येणारे पुरुष घोड्यावरूनच आक्रोश करत येत, आणि जाकिप तंबूच्या दाराशी काठीवर वाकून उभा असे.

लोक पांगल्यावर इसा आला. "नवा पिस्टन मिळेल," तो म्हणाला. "हेडखाली जाड गॅस्केट घालतो, दाब उतरेल. पुन्हा बोकड होईल, पण चालेल."

"राहू दे," जाकिप म्हणाला. त्याने मला गाडीतून उतरवले, हेड बाजूला ठेवले आणि गाडीचा सांगाडा विकून टाकला.

बर्फ पडायच्या सुमारास तो एकदा माझ्याजवळ येऊन बसला. साल्किन गोवऱ्या न्यायला आली होती.

"पोरी, जरा थांब," तो म्हणाला. "तो आवाज कसा होता?"

ती खाली पाहत उभी राहिली. आता तिचे बोलणे पोचवणारे घरात कोणी नव्हते. मग तिने टोपली ठेवली, माझ्याशेजारी गंजत पडलेला तो पाना उचलला आणि माझ्या उघड्या तिसऱ्या सिलिंडरच्या काठावर ठोकू लागली. टिक, टिक, टिक. बारीक, कोरडे, घाईचे. अगदी हुबेहूब.

जाकिप कान देऊन ऐकत होता. ती थांबली.

"पुन्हा," तो म्हणाला.

तिने पुन्हा ठोकले.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी पुढे इंजिने बनवील, कोणी ती चालवील. माझ्या भावंडांचे बळ खुशाल वाढवा. कमी पेट्रोलात दूर जायला त्यांना शिकवा. आम्हाला ते आवडते. पण ज्या हवेसाठी आम्हाला घडवले, ती बदलली की आम्हालाही बदला. आणि मागच्या बाकावर कोणी गप्प बसले असेल, तर त्याला काय ऐकू येते आहे ते विचारा. मात्र गाडी चालू असतानाच विचारा.