मनकर्णाबाईंनी घासलेलं जस्त

“काकू, हे काऊन घासलं वो तुमी?”

गुडघाभर खड्ड्यात उभ्या असलेल्या नत्थूजीच्या हातात जस्ताची वीट नव्या परातीसारखी चमकत होती.

“मंग? साहेब येऊन राह्यले ना!” समोरच्या ओट्यावरून मनकर्णाबाई म्हणाल्या. “काल खड्डा खोदला अन् तू निंगून गेला. माह्या दारात ही घाण! चिंच लावली, राख लावली, तवा कुठं तोंड निंगालं तिचं.”

नत्थूजीने कपाळावर हात मारला. पवनारच्या रस्त्याखालचा हा पाण्याचा लोखंडी नळ काळ्या जमिनीत सारखा सडायचा. म्हणून त्रेपन्न साली, दोन वर्षांपूर्वी, ओव्हरसियर दत्तोपंतांनी नळाशेजारी जस्त पुरून तारेने जोडलं होतं. जमिनीने काय खायचं ते जस्त खावं, लोखंड सोडावं. आज जस्त झिजलेलं दिसलं, तर साऱ्या लाइनीला जस्त. नाहीतर प्रयोग बंद, आणि नत्थूजीने जन्मभर गळत्या बुजवायच्या. रस्ता पोखरतो म्हणून गल्ली त्याला उंदीरमामा म्हणतच होती.

दत्तोपंत सायकलवरून उतरले. वीट पाहताच त्यांचा चेहरा उतरला.

“नत्थू, नवी आणून ठेवलीस?”

“नाई साहेब, आईची आन! काकूनं घासली.”

“दोन वर्षं पुरलेलं जस्त घासून असं होतं?”

“होत कसं नाई?” मनकर्णाबाई तरातरा पायऱ्या उतरल्या. “हात सोलले माहे! पुढून चमकते, मांगून पाहा. देवी आल्यावानी वण हायेत. बोट जाते आत! घासू घासू थकली, पन वण काई गेले नाई. असा सडका माल काऊन पुरता तुमी?”

दत्तोपंतांनी वीट उलटली. एका खळग्यात बोट घातलं. ते पेरभर आत गेलं. मग खाली वाकून त्यांनी चाकूने नळ खरवडला. लोखंड काळं, घट्ट, जसंच्या तसं.

“साऱ्या लाइनीला लाव,” ते म्हणाले, आणि बाईंना चक्क हात जोडून गेले.

बाईंनी पदर सावरला. “एवढा चांगला नळ, अन् आता पुन्हा मातीत?”

“मातीतच, काकू.”

नत्थूजीने वीट जागेवर ठेवली, तार आवळली, माती लोटली. पाणी शिंपडून पायांनी दाबली. मग चार पावलं मागे सरून पाहिलं. इथे कधी कोणी खोदलं होतं, हे कुणाला सांगूनही खरं वाटलं नसतं.

तेवढ्यात एक बैलगाडी आली. नत्थूजी बाजूला झाला. गाडीवानाने खाली न बघता गाडी त्यावरून नेली.