स्टेडियमवर जळणारा दगडी रूळ

मित्रांनो, आधीच कबूल करतो. मी जळतो. दगड जळत नाही म्हणणाऱ्यांनी मला पाहिलेलं नाही.

मी गावाचा जुना दगडी रूळ. परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात, नव्या स्टेडियमच्या भिंतीमागे, पानाच्या पिचकाऱ्या झेलत पडलेला असतो. आणि ज्याच्यावर मी जळतो ते भिंतीच्या पलीकडे दिवे लावून उभं असतं. लय तोऱ्यात असतं.

सटवाजी नावाच्या पाथरवटाने मला पाथरीकडच्या खाणीतून काढलं. सव्वा महिना त्याची छिन्नी चालली. पोटातून लोखंडी आस घातला, दोन्ही टोकांना कड्या बसवल्या. शेवटी माझ्यावर तांब्याभर पाणी ओतलं आणि म्हणाला, "जा. लोकांच्या पायाखालची जमीन सरळ कर." तेव्हापासून चाळीस वर्षं मी दुसरं काहीही केलं नाही.

माझं मैदान गावाच्या मधोमध, एसटी स्टँडला लागून होतं. सोमवारी बाजार भरायचा, बाकीचे दिवस पोरांचे. सतरा सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाला, मोठे खेळ व्हायचे आणि त्याआधीचे आठ दिवस माझ्या मानाचे. आमच्याकडची काळी माती उन्हाळ्यात दगड आणि पावसात लोणी. म्हणून जुन्या लोकांनी मैदानातली काळी हातभर खणून काढली होती आणि तिथे मुरूम भरला होता. दरवर्षी त्यावर पाणी मारायचे. मग दत्तराव आपली दोनशे मेंढरं घेऊन यायचे. मेंढरं गोल गोल फिरायची, त्यांचे बारीक खूर ओला मुरूम खालपर्यंत कोंबून बसवायचे. मेंढरं बाहेर पडली की बैल जुंपून मला फिरवायचे. दत्तराव म्हणायचे, "मेंढरू खालून दाबतंय, रूळ वरून दाबतोय. मग जमीन जातीय कुठं?"

लोक माझ्या कड्यांना झेंडूची माळ घालायचे. दत्तरावांची बायको कासाबाई बाजारात शेळ्या विकायची, तेव्हा आपल्या नातीला, शिवकन्याला, माझ्यावर बसवून ठेवायची. पोरगी टाचा आपटत बसायची. मला तर आपण गावचे पाटील झाल्यासारखं वाटायचं.

मग स्टेडियमची टूम निघाली. गावाच्या मधोमध स्टेडियम झालं की गावाचा कायापालट होईल, असं मंचावरून सांगितलं गेलं. आणि मित्रांनो, मला सगळ्यात जास्त राग याचा येतो, की ते खरं झालं! रस्ता रुंद झाला. पत्र्याच्या टपऱ्यांच्या जागी पक्के गाळे आले. संध्याकाळी बायका बिनधास्त फिरायला यायला लागल्या. सोनपेठच्या, गंगाखेडच्या पोरी एसटीने सरावाला यायला लागल्या. माझ्या चाळीस वर्षांत मैदानाजवळची एक मुतारी कुणी धड केली नव्हती. आणि हे कालचं पोर आलं काय, दिवे लावले काय, सगळं गाव त्याच्या मागे! पाहुणे आले की लोक त्याच्यासमोर फोटो काढायचे. माझ्यासमोर कोण काढणार? मला जेसीबीने ढकलून भिंतीमागे टाकलं होतं. बाजार बायपासला गेला. दाराशी पाटी लागली, 'जनावरांना मनाई आहे.'

ती पाटी किशनरावांनी लावली. कामावर देखरेख त्यांचीच होती. धावण्याचा ट्रॅक जुन्या मैदानात मावेना, म्हणून दुसरं वळण शेजारच्या काळ्या रानात गेलं. मे महिना होता. दत्तराव मुद्दाम सांगायला आले. "साहेब, ह्या वळणाखाली काळी हाय. काढा तिला. पाऊस पडला की फुगल."

किशनरावांनी पहार आपटली. ठण्ण आवाज आला. "मामा, यापेक्षा पक्की जमीन कुठली असते? वरून लाल माती टाकली की झालं."

किशनराव काही शहरातून आलेले नव्हते. शेतकऱ्याचाच मुलगा. त्यांच्या स्वतःच्या घराला काळीने चिरा पाडल्या होत्या. पण उद्घाटनाची तारीख ठरली की माणसाला माती दिसत नाही.

पाऊस आला, गेला, परत आला. ऑगस्ट संपता संपता दुसरं वळण तव्यावरच्या भाकरीसारखं फुगून तडकलं. ते दाबायला मोटारीचा रोलर आणला, तर तो अर्ध्या चाकापर्यंत रुतला. मी भिंतीमागे होतो, पण घरघर ऐकू येत होती. मित्रांनो, खोटं कशाला बोलू? मला इतका आनंद झाला की अंगावरचं शेवाळ तरारलं. जिरली! मर म्हणावं, लाव आता दिवे!

त्याच दुपारी कुणीतरी येऊन माझ्यावर बसलं. टाचा ओळखीच्या होत्या. शिवकन्या होती. सतरा वर्षांची झाली होती, मेंढरांमागे धावून धावून पायात वारा भरलेला. ती रडत होती आणि दत्तराव समोर उभे होते.

"आजा, झालं सगळं. सोमवारी इथंच जिल्ह्याच्या संघासाठी धावण्याची निवड व्हायची व्हती. मैदान न्हाई झालं तर स्पर्धाच न्हाई म्हणायलेत. मागच्या सालची यादी धरणार."

"मग त्या यादीत तू?"

"न्हाई. तवा मी मेंढरांमागं रानात व्हते. पुढच्या साली माझं वय बसत न्हाई."

माझा आनंद तिथेच विरला म्हणावं, तर तसं झालं नाही. थोडा राहिलाच. मी मनात म्हणालो, बरं झालं, आता कळेल त्या दिवेवाल्याला. पण पोरीची टाच अंगावर होती.

दत्तराव तडक किशनरावांकडे गेले. बोलणं भिंतीला लागूनच झालं, म्हणून मला ऐकू आलं. "दोन दिस द्या. वळणाची काळी काढू, मुरूम भरू. माझी मेंढरं फिरतील. मग रूळ."

"मामा, आत जनावरं कशी सोडू? पाटी मीच लावली ना."

"मग तुमीच काढा."

मग स्क्रू निघाल्याचा आवाज आला.

चार दिवसांची उघडीप मिळाली. दिवसभर घमेली चालली. मुरूम पडला, पाणी मारलं, आणि माझ्या मेंढरांचा तो जुना आवाज कानावर आला. दोनशे जनावरं त्या गुळगुळीत स्टेडियममध्ये लेंड्या टाकत फिरत होती. काय सांगू कसं वाटलं!

मग माझी पाळी आली. गावात आता बैलजोडी नव्हती आणि ट्रॅक्टरची चाकं उमटली असती, म्हणून माणसांनी दोर लावले. बारा माणसं. त्यांनी ओढलं. मी हललो नाही.

आस गंजला होता, हे खरं. पण मनही नव्हतं हो. मी का जाऊ? ज्याने मला घाणीत टाकलं त्याची पाठ मी का चोळू? उद्या परत त्याचंच नाव होणार. मी जो अडून बसलो तो बसलोच. पुन्हा ओढलं, दोर तुटला.

कासाबाई कडेला उभी होती. ती तरातरा आली आणि माझ्यावर थाड्कन हात मारला. "मेल्या धोंड्या! तुझ्यावर बसून ल्हानाची मोठी झाली ही. तिचंच वाटोळं करतोस व्हय रं?"

असं मला कुणी कधी बोललं नव्हतं. तिने फोडणीच्या करडीच्या तेलाची बाटली माझ्या आसावर पालथी केली. शिवकन्या दोराला सगळ्यात पुढे लागली. तिच्या टाचा ओल्या मुरुमात रुतत होत्या, निघत होत्या. त्या टाचांपुढे माझं चाललं नाही. मी करकरलो आणि फिरलो. दोन दिवस फिरत राहिलो.

सोमवारी मला परत न्यायला कुणाला सवड नव्हती, म्हणून वळणाच्या कडेला उभा होतो. पंधराशे मीटरची शर्यत. ते वळण चार वेळा आलं. चारही वेळा मी श्वास रोखून होतो, जणू मीच खाली आडवा पडलोय. मुरूम जागचा हलला नाही. शिवकन्या पहिली आली नाही, दुसरी आली. पण पहिल्या दोघींची निवड होती! कासाबाई मोठ्याने रडली, आणि दत्तराव पागोट्याच्या शेवाने तोंड झाकून उभे राहिले.

मग माईकवरून सांगितलं गेलं की या भव्य स्टेडियममुळे ग्रामीण भागातल्या मुलीला संधी मिळाली. टाळ्या झाल्या. मी आतल्या आत पेटलो. तेवढ्यात दत्तराव आले, माझ्यावर टेकले आणि हळूच म्हणाले, "तुझं नाव घेतलं न्हाई म्हणून रुसू नगंस. माझंबी घेतलं न्हाई."

दुसऱ्या दिवशी मी परत भिंतीमागे आलो. पाटीही परत लागली. मात्र किशनराव दर शनिवारी येतात, माझ्या आसाला तेल घालतात आणि कुणाशी काही न बोलता जातात.

मित्रांनो, नवं बांधा. खुशाल बांधा, गावाच्या मधोमध बांधा, दिवे लावा. पण बांधण्याआधी जुन्या माणसाला एकदा विचारा, की बाबा, इथे खाली काय आहे? आणि जुनं काही टाकायचंच असेल, तर निदान त्याच्या आसाला तेल घालून टाका.

मी अजून जळतो. रोज संध्याकाळी दिवे लागले की जळतो. पण पोरी दुसऱ्या वळणावर आल्या की गप्प बसतो. तेवढं वळण माझं आहे. माझं आणि दोनशे मेंढरांचं.