चित्राला पाडलेलं काज

चाळीस वर्षं कोट बेतलेल्या मास्तरांना चित्राभोवती पुठ्ठ्याची चौकट कापणं म्हणजे हातचा मळ वाटला. कोटाच्या खोक्याचं झाकण, पोलादी पट्टी आणि नवं पातं घेऊन ते सकाळीच जमिनीवर ठाण मांडून बसले. बायको हाताच्या व्यायामासाठी दवाखान्यात गेली होती. ती परतायच्या आत चित्र भिंतीवर लागायला हवं होतं.

पक्षाघाताच्या झटक्याने तिचा उजवा हात लुळा पडला होता. डाव्या हाताने तिने खिडकीतली कुंडी रंगवली, खाली आपलं नाव लिहिलं आणि "हे शेवटचं. आता मला छळू नका," म्हणत ब्रश कपाटात टाकले. चित्र भिंतीवर पाहून तिचं मन फिरेल, अशी मास्तरांना आशा होती. वेडी म्हणा हवं तर.

पुठ्ठ्यातल्या खिडकीच्या चारही बाजू सुरेख कापल्या गेल्या. चित्र मागून लावून त्यांनी पुठ्ठा उलटला आणि तोंडचं पाणी पळालं. कुंडी जागेवर, नाव गायब! शिवणीसाठी कडेने अर्धा इंच सोडायची सवय हाडीमाशी खिळलेली. नाव नेमकं त्या अर्ध्या इंचाखाली गेलं होतं. खिडकी खाली वाढवावी, तर कागद धरायला पुठ्ठा उरत नव्हता. दुसरं झाकणही नव्हतं.

"राहू द्या ना बाबा," लेक म्हणाली. "चित्र तर दिसतंय."

"चित्र तासाभरात झालं गं. नावाला तिची अख्खी सकाळ गेली."

 मास्तरांनी खडू घेतला, खिडकीखाली खूण केली आणि पुठ्ठ्याला लांबट काज पाडलं, कोटाला पाडतात तसं, एका टोकाला गोल. त्यातून नाव दिसू लागलं.

बायको आली, काठी टेकून भिंतीसमोर उभी राहिली. मास्तरांचा जीव टांगणीला.

"अहो, चित्राला काज?"

"नाव झाकलं गेलं होतं. चुकलंच माझं."

"जन्म गेला मापं घेण्यात, आणि बायकोचं नाव तेवढं मापात धरलं नाही!" ती हसली. कित्येक महिन्यांनी हसली. मग काजावरून डावं बोट फिरवत म्हणाली, "पुढच्या चित्रात नाव जरा वर लिहीन."

मास्तरांचे डोळे भरून आले. ते लपवायला ते घाईघाईने कपाटातले ब्रश शोधू लागले.